नागमोडी दार, सरळसोट कपाट

मंगळवार, १५ एप्रिल १९०२, संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटे

नखांतली माती काडीने काढत बसलो होतो. आठ नखे झाली, दोन राहिली, आणि काडी टाकून लेखणी हातात घ्यावी लागली. आज पाहिले ते लिहून काढले नाही तर रात्रभर छातीत घुमत राहील.

दुकानाच्या मालकांनी स्टेशनापलीकडच्या डॉक्टरांकडे डेलियाचे कंद पोचवायला पाठवले होते. घर नवे, गेल्याच वर्षी बांधलेले. माळी नव्हता, म्हणून मोलकरणीने मला घरातूनच बागेकडे नेले. मी पायपुसण्यावर तीनदा पाय पुसले आणि वर पाहिले, तर जिना! तो बांधलेला वाटतच नव्हता, जमिनीतून उगवला होता. कठडा वेलीसारखा वर चढत गेलेला, वर जाऊन त्याला दिव्याची फुले आलेली. खिडकीच्या काचेत तळे, तळ्यावर चतुर. दाराची मूठ शेंगेच्या आकाराची. मी ती धरली आणि सोडायला विसरलो.

"ती दाराला लावलेली आहे," मोलकरीण म्हणाली. "घरी नेता येणार नाही."

परत येताना सगळे नान्सी शहर मला चौकोनी दिसू लागले. चौकोनी खिडक्या, चौकोनी दारे, चौकोनी चेहऱ्याचे पोलीस.

माझ्याकडेही आता घर आहे. धुणी धुणाऱ्या माझ्या मावशीने फेब्रुवारीत डोळे मिटले आणि त्र्वा-मेझाँ वस्तीतले तिचे घर मला ठेवले: पुढची खोली, झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि अंगण. शिवाय सहाशे फ्रँक. मी चोवीस वर्षांचा. बियाण्यांच्या दुकानात पाकिटांवर नावे लिहितो. बाराव्या वर्षी शाळा सुटली, पण जुना शब्दकोश विकत घेतला आहे आणि पाकिटावर आजवर एकही चूक केलेली नाही.

एर्मिनने लग्नाला होकार दिला आहे. अट एकच. आईच्या बिऱ्हाडात राहायचे नाही. घर राहण्याजोगे झाले की मग तारीख. तिची आई, मादाम मूझो, म्हणते, "घर बघून ठरवीन." घर त्यांना आवडले नाही तर माझे काय, हा विचार मी दिवसातून एकदाच करायचा असे ठरवले आहे. आजचा करून झाला.

रविवार, २० एप्रिल

एर्मिनबरोबर बागेत गेलो. वाफ्यांत ट्युलिप नुसते पेटले होते. तिने मात्र नेहमीप्रमाणे कडेचे बाक निवडले. तिथून फुले दिसत नाहीत, फक्त बराकीची लांबलचक भिंत दिसते. चांगली जागा दुसऱ्यांसाठी सोडायची, असा तिचा स्वभाव आहे.

ती काचेच्या कारखान्यात फुलदाण्या रंगवते. म्हणजे डांबराच्या काळ्या लेपाने काचेवर फुले काढायची. मग फुलदाणी तेजाबात बुडवतात, लेपाखालचे तेवढे राहते, बाकीचे तेजाब खाते. तिच्या उजव्या हाताची बोटे कधीच पूर्ण गोरी होत नाहीत. मला ती बोटे फार आवडतात, पण हे तिला सांगायचे धाडस अजून झाले नाही.

"घर कसं हवं तुला?" मी विचारले.

"कसंही चालेल रे. कामावरून आल्यावर तिथं बसावंसं वाटलं म्हणजे झालं."

"रंग? नक्षी?"

"तू कर. तुझ्यावर सोडलं. मला आता ह्या भिंतीकडं बघू दे जरा."

भिंतीत बघण्यासारखे काहीच नव्हते. बिचारी संकोचाने मागत नाही. जी मुलगी दिवसभर इतरांच्या घरांसाठी फुले काढते, तिच्या स्वतःच्या घरात एक पाकळी नसावी? मी सगळे गुपचूप करणार. पूर्ण झाल्यावरच दाखवणार. विचारानेच गरगरायला होते आहे.

गुरुवार, ८ मे

माणूस सापडला! नाव क्यूनी. मोठ्या लाकूडकारखान्यात कोरीवकाम करतो आणि उरलेल्या वेळात स्वतःची कामे घेतो. मिशासुद्धा नव्या धाटणीच्या, टोकाला वळलेल्या. आज स्वर्गारोहणाच्या सणाची सुट्टी, म्हणून घर बघायला आला. पुढच्या खोलीत उभा राहून त्याने डोळे मिटले.

"आन्सेल्मराव, काय वास येतोय?"

"साबणाचा. मावशी धुणी..."

"साबण नव्हे हो! सरळ रेघांचा. घुसमटतंय घर. देवानं झाडं काढली तेव्हा त्याच्याजवळ पट्टी होती का?"

मी नसावी असे म्हणालो.

मग त्याने नियम सांगितले. एका खोलीत एकच झाड. खुर्चीपासून चौकटीपर्यंत तेच. "दोन झाडं एका खोलीत म्हणजे एका चुलीपाशी दोन सासवा." पुढच्या खोलीला कोणते झाड, हे त्याने माझ्यावर सोडले. झोपायच्या खोलीला खसखस, कारण तिने झोप येते.

खर्चाचा आकडा ऐकून मला घाम फुटला. क्यूनी म्हणाला, "घाम फुटला म्हणजे घर आतून जिवंत झालं." याचा अर्थ मला कळला नाही, पण ऐकायला फार चांगले वाटले.

बुधवार, १४ मे

मालकांनी आज झापले. गेला आठवडाभर मी पाकिटांवरची अक्षरे नव्या वळणाने लिहीत होतो. मुळ्याच्या 'रादी'तल्या 'र'ला खाली लांब मूळ, वाटाण्याच्या 'प्वा'तल्या 'प'ला वेलीचा तणावा. स्पेलिंग एकूणएक बरोबर. पण एक म्हातारी मुळा म्हणून वाटाणा घेऊन गेली आणि आज येऊन काउंटरवर काठी आपटत होती.

"तिरिए," मालक आडनावाने हाक मारत म्हणाले, "गिऱ्हाइकाला बी पाहिजे असतं. बी पेरल्यावर झाड ते आपलं आपण वाकतं. तू आधीच कशाला वाकवतोस?"

आता सरळ लिहितो आहे. हात दुखतो.

रविवार, ८ जून

आज एर्मिनला मोठा गुच्छ नेला. तिने तो हुंगला, माझे आभार मानले आणि लगेच आईला दिला. आईवर तिचा केवढा जीव!

चालता चालता मी सहज विचारावे तसे विचारले, "कारखान्यात सध्या कुठलं फूल चाललंय?"

"रानगाजर. त्याच्या फुलांच्या छत्र्या," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून छत्र्याच. एका देठाला वीस काड्या, एकेका काडीला पुन्हा वीस ठिपके. सगळ्या पॅरिसला छत्र्या हव्यात. काल आईनं सूप वाढलं, त्यावर तेलाचे ठिपके तरंगत होते. मी चमच्यानं ते ओळीत लावत बसले. डोळे मिटले तरी छत्र्याच दिसतात, आन्सेल्म."

मी धावत क्यूनीकडे गेलो. पुढच्या खोलीचे झाड ठरले: रानगाजर! जे तिला डोळे मिटूनही दिसते, ते डोळे उघडल्यावर समोर असेल. इतके जुळलेले जोडपे नान्सीत दुसरे नसेल.

शुक्रवार, ११ जुलै

दार बसले.

काय लिहू! जुन्या चौकटीच्या आत क्यूनीने अक्रोडाची नवी चौकट बसवली आहे. दोन्ही बाजूंनी रानगाजराचे दोन देठ जमिनीतून निघतात, वर जाताना एकमेकांकडे झुकतात, कमरेपाशी अगदी जवळ येतात, जणू कानात काही सांगायचे आहे, मग लाजून दूर होतात आणि डोक्यावर छत्र्या उघडतात. दाराची फळीही त्याच वळणाने कापलेली. मी आत गेलो, बाहेर आलो, आत गेलो. कमरेला किंचित वळण दिले की माणूस सहज जातो. क्यूनी म्हणाला, "हे दार माणसाला चालायला शिकवतं."

मी निष्काळजी नाही. सगळे मोजून घेतले आहे. खुर्च्या जातात. टेबल आडवे करून जाते. पलंगाचे भाग जातात. माझी हॅट जाते. एर्मिनचा घेर मोजण्याचे धाडस झाले नाही, पण डोळ्यांनी मापला, जाते.

शेजारची गवळीण बघायला आली. म्हणाली, "दार आजारी आहे का?" तिला कलेतले कळत नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

मेरीमातेच्या सणाचे जेवण मादाम मूझोंकडे. त्या मंडईत चीज विकतात. हात पाटासारखे, आवाज घंटेसारखा. मिराबेलचा, म्हणजे छोट्या पिवळ्या आलुबुखारांचा, टार्ट केला होता. मी चार तुकडे खाल्ले, कारण तिसऱ्याला नको म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की चौथाही घेतला.

"मग, जावईबापू? घर झालं का नाही?"

"जवळजवळ."

"गळतं का?"

"नाही."

"धूर कोंडतो?"

"नाही."

"मग एवढं चार महिने करताय काय आत? अंडी उबवताय?"

एर्मिन हसली. मीही हसलो.

मग मादामनी तारीख दिली! वीस सप्टेंबर, शनिवार. आणि लग्नाआधीच्या रविवारी कपाट. "आमच्याकडं कपाट आधी जातं, मग पोरगी."

ते कपाट खोलीत पाठीमागेच उभे होते. मी त्याला आजवर भिंतच समजत होतो. काळ्या पडलेल्या ओकचे, छताला टेकलेले, चारी बाजूंनी सरळसोट. मादामच्या आजीचे. जर्मनांनी त्यांचा मुलूख घेतला तेव्हा मादाम आणि त्यांचे यजमान फ्रान्सकडे राहायचे म्हणून गाव सोडून इकडे आले. कपाट सुटे करून, फळ्या गाडीत घालून आणले. इथे पोचल्यावर यजमानांनी ते उभे केले आणि लाकडी खुंट्यांऐवजी बोटभर लांबीचे लोखंडी खिळे आरपार ठोकले. म्हणाले, आता पुन्हा कुणी आपल्याला सुटे करणार नाही. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली.

"त्या खिळ्यांना हात लावायचा नाही," मादाम म्हणाल्या. "आणि जिथं हे कपाट जाणार नाही तिथं माझी पोरगी जाणार नाही."

मी उठून कपाटाला हात लावला आणि फार सुंदर आहे असे म्हणालो. खरे तर मला ते घरात कुठे लपवावे याची काळजी वाटत होती. पायाशी रानगाजराच्या दोन छत्र्या डकवल्या तर?

बुधवार, ३ सप्टेंबर

पैसे संपले. पुढची खोली आणि झोपायची खोली पूर्ण, भिंतींचा कागदसुद्धा छत्र्यांचा. स्वयंपाकघराला मात्र काहीच उरले नाही. क्यूनी म्हणतो, कमळांच्या लाद्या लावू, पैसे नंतर द्या. पण त्याचे आधीचेच देणे आहे, त्यामुळे मी जीभ चावून नाही म्हणालो. चुना आणला आणि स्वतःच दोन हात दिले. पांढरे फटक पडले आहे. एक खिडकी, एक चूल, बसायला एक फळी. एर्मिनला हे दाखवायची लाज वाटते. त्या दिवशी दार ओढून घेईन आणि विषय बदलीन.

रविवार, १४ सप्टेंबर

 क्रमाने लिहितो.

दहा वाजता कपाट आले. मंडईतले चार हमाल, हातगाडी, पुढे काळ्या रेशमी पोशाखात मादाम मूझो, मागे कपड्यांची टोपली घेऊन एर्मिन. सगळी गल्ली दारात उभी. क्यूनी कौतुक ऐकायला म्हणून कॉलर घालून आला होता. मी दार उघडले आणि बाजूला झालो.

हमालांनी गाडी टेकवली आणि दाराकडे पाहिले.

"हे काय?" मादामनी विचारले.

"दार," मी म्हणालो.

"ते मला कळलं. त्याला झालंय काय?"

"हे रानगाजराचे दोन देठ, मादाम, एकमेकांना गुपित..."

"जावईबापू, गुपितं राहू द्या. मी यातून शिरणार कशी ते सांगा आधी. कपाटाचं नंतर बघू."

गल्ली खदखदली. त्या शिरल्या. तिरक्या होऊन, श्वास रोखून. मधे एकदा अडकल्या तेव्हा क्यूनी म्हणाला, "कमरेला वळण द्या, मादाम, वळण!" त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याने आपली हॅट काढली.

मग कपाट. हमालांनी उभे लावले, आडवे लावले, तिरके लावले. खाली जायचे, वर जायचे, कमरेपाशी ठप्प. मी धावत जाऊन मोजपट्टी आणली. कपाटाची जाडी बासष्ट सेंटिमीटर, देठांमधले अंतर एकोणपन्नास. पाच महिन्यांत मी घरातली हरेक वस्तू मोजली होती. भिंतीला कोण मोजतो?

"खिळे काढले तर," एक हमाल म्हणाला.

 मादाम कपाटाच्या अंगावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. हमाल म्हणाला, "बरं, नाही काढत."

"मग चौकट कापा," दुसरा म्हणाला.

"आधी मला कापा!" क्यूनी दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला. "हे अक्रोड आहे! हा देठ कोरायला मला चार रविवार लागले!"

"लाकडाचं गाजर ते," मादाम गरजल्या, "आणि त्याच्यासाठी माझी पोरगी रस्त्यावर! मी सांगितलं होतं. जिथं कपाट जात नाही तिथं पोरगी जात नाही. चला, फिरवा गाडी."

मला वाटले, मी आता मरणार. एक मन म्हणत होते करवत आण, दुसरे म्हणत होते त्या देठांकडे बघ. मी दोन्ही मनांच्या मधे उभा होतो आणि तीही जागा एकोणपन्नासच सेंटिमीटर होती. शेवटी मी म्हणालो, "क्यूनी, करवत द्या." माझ्या तोंडून ते कसे निघाले ठाऊक नाही. क्यूनीच्या मिशा खाली आल्या.

"थांबा," एर्मिन म्हणाली. "मला आधी घर तर बघू दे."

ती आत गेली. मी मागोमाग. हाच तो क्षण, ज्याची मी एप्रिलपासून वाट पाहत होतो. तिने पुढच्या खोलीत चौफेर पाहिले. कागदावर छत्र्या, खुर्चीच्या पाठीवर छत्र्या, दिव्यावर छत्र्या, आरशाभोवती छत्र्या. तिने भिंतीला बोट लावले आणि एका छत्रीच्या काड्या मोजू लागली.

"अठरा," ती म्हणाली. "दोन चुकवल्यात."

आणि तिला हसू फुटले. साधे हसू नाही. आधी खांदे हलले, मग तिने टोपली ठेवली, मग ती खाली जमिनीवर बसली, मग पोट धरून आडवी झाली, आणि वर पाहिले तर छतावर क्यूनीने भेट म्हणून काढलेली सगळ्यांत मोठी छत्री. ती किंचाळलीच. डोळ्यांतून पाणी. मला कळेना, आनंद झाला आहे की डॉक्टर बोलवावा. मीही हसू लागलो, कारण एकट्याने उभे राहणे बरे दिसेना.

"आन्सेल्म," ती श्वास घेत म्हणाली, "अरे, हे सगळं माझ्यासाठी?"

"हो."

"किती वेडा आहेस रे तू. किती किती वेडा." तिने माझा हात धरला. "आणि ते दार कसलं?"

"ते काही नाही. स्वयंपाकघर. आपण खसखस बघू या."

पण तिने ते दार उघडले होते. आत गेली, आणि दार लावून घेतले.

मी बाहेर उभा. मागून मादाम: "काय झालं? पोरगी कुठंय?" क्यूनी: "आवडलं का?" हमाल: "आम्ही पाणी प्यायला जाऊ का?" मी दारावर टकटक केली.

"एर्मिन, मला माहीत आहे तिथं काही नाही. पैसे संपले. मी नंतर लाद्या लावणार आहे. कमळांच्या."

 आतून हळूच, "आन्सेल्म, आत ये. आणि काही बोलू नकोस."

ती फळीवर बसली होती, हात मांडीत. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होती. मी शेजारी बसलो. दोघेही भिंत बघत होतो. मला वाटले, हिला कुठेतरी डाग दिसला.

"हे कुणी केलं?" तिने विचारले.

"मीच. नुसता चुना आहे."

"मी सहा वाजता कारखान्यातून निघते ना, तेव्हा रस्ताभर मला हेच हवं असतं. जिथं काहीच काढलेलं नाही असं काहीतरी. नुसती भिंत. मी इथं राहणार."

"इथं म्हणजे घरात?"

"इथं म्हणजे इथं. या खोलीत."

"पण पुढची खोली..."

"सुंदर आहे. खरंच सुंदर आहे, उगाच म्हणत नाही. रविवारी मी तिथं जाईन, टोपी घालून, कुणाकडं तरी भेटीला गेल्यासारखी. तू मला कॉफी दे. मग आपण घरी येऊ. इकडं."

"आणि खसखस? पलंग?"

तिने विचार केला. "पलंग चालेल. झोपताना डोळे मिटलेले असतात."

मी म्हणालो की फुलांची तुला आवड आहे म्हणूनच मी... आणि थांबलो. मंडईतल्या गाळ्यावर वास नसलेले चीज मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तिची आई ज्या नजरेने बघते, त्याच नजरेने ती माझ्याकडे बघत होती. पण तिच्या नजरेत माया होती.

मग ती उठली, अंगणात उघडणारे मागचे दार तिने उघडले. मावशीची धुण्याची मोठी पिपे जावीत म्हणून ते दुप्पट रुंद केलेले आहे, याची मला आठवणच नव्हती. तिने अंगणातून गल्लीकडे हाक मारली, "आई! कपाट इकडून आण!"

एका दमात आत गेले. पांढऱ्या भिंतीला लागून उभे राहिले, काळे, सरळ, जणू ती भिंत त्याच्यासाठीच घातली होती. मादाम मूझोंनी खिळ्यांवरून बोट फिरवले. मग चुन्याच्या भिंतीवर तळहात ठेवून बघितला, मग चूल, मग खिडकी.

"हं," त्या म्हणाल्या. "हे घर आहे. पुढं दुकान का काढलंय ते मला कळलं नाही. पण हे घर आहे." आणि माझा गाल असा ओढला की अजून लाल आहे.

क्यूनी दारात बसून राहिला होता. मी त्याला म्हणालो, करवत लागणार नाही. त्याने मला मिठी मारली. त्याच्या मिशा माझ्या कानात गेल्या.

रविवार, २१ सप्टेंबर

काल लग्न झाले. नगरभवनात सही करताना माझे नाव मी अक्षर अक्षर तपासले. जेवण स्वयंपाकघरातच, फळ्या टाकून. मादामनी कपाटातून आजीचे टेबलक्लॉथ काढले. जागा कमी पडली, तरी एकालाही पुढच्या खोलीत जाऊन बसावेसे वाटले नाही. क्यूनी तेवढा आपली थाळी घेऊन तिकडे गेला आणि एकटाच छताकडे बघत मिराबेलची दारू पीत बसला. मधूनच ओरडायचा, "या हो, कुणीतरी या! किती सुंदर आहे इथं!"

आज सकाळी एर्मिनने खरोखर टोपी घातली. तिने नागमोडी दार बाहेरून वाजवले, मी आतून उघडले. मग आम्ही पुढच्या खोलीत समोरासमोर बसलो आणि मी कॉफी ओतली.

"छान सजवलंय हं घर," ती म्हणाली. "मालकीणबाई नाहीत वाटतं?"

"त्या स्वयंपाकघरात आहेत," मी म्हणालो.

"मग मी फार वेळ थांबत नाही. त्यांना राग येईल."

मला वाटते, मी सुखी आहे. पुढच्या खोलीत इतके सुंदर काम असताना आम्ही दिवसभर चुन्याच्या भिंतीसमोर का बसतो, हे मला अजून नीट कळलेले नाही. पण तिथे बसले की ती माझ्या खांद्यावर डोके ठेवते. पुढच्या खोलीत टोपीमुळे ते जमत नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

हिशेब पुरा करून ठेवतो.

खर्च: क्यूनीला रोख चारशे दहा फ्रँक. छत्र्यांचा कागद बासष्ट. दिवा अडतीस. हमाल आणि त्यांची वाइन, सहा. लग्नाच्या जेवणातला माझा वाटा चौऱ्याहत्तर. चुना, ऐंशी सांतिम. एकूण पाचशे नव्वद फ्रँक ऐंशी सांतिम.

देणे: क्यूनीचे एकशे चाळीस होते. तो आता नवी गिऱ्हाइके आमची पुढची खोली दाखवायला आणतो आणि दर गिऱ्हाइकामागे पाच फ्रँक सोडतो. काल दोघे येऊन गेले. राहिले एकशे तीस. त्यातल्या एका बाईने दार पाहून डोळ्याला रुमाल लावला. एर्मिन आतून म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? सुंदरच आहे."

किरकोळ: परवा ती कामावर असताना स्वयंपाकघरात, कपाटाच्या कडेला, अगदी खाली, कुणाला दिसणार नाही अशी, मी पेन्सिलीने एक वेल काढली. वीतभर. तीन पाने. सहा वाजायला आले तसा बसून पुसून टाकली. पुसायला शिळ्या पावाचा गर वापरला: खर्च नाही.